टाकीत क्लोरीन भरपूर, शेवटच्या नळाला शून्य

सकाळी सहाला टाकीत ब्लीचिंग पडतं. आठला टाकीखालच्या तोटीचं पाणी तपासलं तर ओटीचा (ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन तपासायच्या रसायनाचा) पिवळा रंग गडद येतो. दहाला शेवटच्या गल्लीत तेच थेंब टाकले तर पाणी जसंच्या तसं. मग दुसऱ्या दिवशी पावडर दीडपट होते. टाकीजवळच्या घरांतून ओरड सुरू होते, चहाला दवाखान्याचा वास येतोय म्हणून. आणि शेवटच्या गल्लीत अजूनही शून्यच. बेळगाव भागात खानापूरच्या जंगलपट्ट्यापासून अथणीच्या काळ्या रानापर्यंत, मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ही तक्रार परत येते.

क्लोरीन उगीच नाहीसा होत नाही, तो कशावर तरी खर्च होतो. खर्च कुठे होतोय ते न शोधता डोस वाढवला तर खर्चच वाढतो. त्या खर्चातून पाण्यात जे नवे पदार्थ तयार होतात, त्यांनाच क्लोरीनचे उपपदार्थ म्हणतात. म्हणून 'शेवटच्या नळाला शून्य' आणि 'पाण्याला वास' या दोन तक्रारी बहुतेक वेळा एकाच दुखण्याच्या असतात. खाली दिलेल्या क्रमानेच तपासत जा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन गोष्टी फुकटात होतात आणि निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आधी पोतं तपासा

सीमेपलीकडे कोल्हापूर भागात टीसीएल म्हणतात, आपल्याकडे सरळ ब्लीचिंग. वस्तू एकच: चुन्यात मुरवलेला क्लोरीन. ताज्या चांगल्या पावडरीत वजनाच्या ३३ टक्क्यांच्या आसपास कामाचा क्लोरीन असतो. पोतं फोडून तोंड नुसतं सुतळीने बांधून पंप हाऊसच्या ओलसर कोपऱ्यात ठेवलं की हा आकडा आठवड्यांत घसरतो. पावडर दिसायला पांढरीच राहते, उलट चुना जास्त असल्यामुळे आणखी पांढरी दिसते. गोळे झाले असतील, हाताला ओलसर लागत असेल आणि डोळ्याला झोंबत नसेल, तर तो नुसता चुना आहे असंच समजा.

खरी टक्केवारी प्रयोगशाळेतच कळते, पण अंदाज गावातही काढता येतो. आरओ प्लांटचं पाणी घ्या, कारण त्यात क्लोरीन खाणारं फारसं काही नसतं. १० लिटर आरओ पाण्यात १० ग्रॅम पावडर (सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या छोट्या काट्यावर मोजून) चांगली कालवा आणि अर्धा तास निवू द्या. वरची निवळी ४ मिली सिरिंजने ओढून १ लिटर आरओ पाण्यात टाका, ढवळा, लगेच तपासा. पावडर २५ टक्क्यांची असेल तर १ मिलीग्रॅम प्रति लिटर दिसायला हवं. निम्मंच दिसलं तर पावडर साडेबारा टक्क्यांची आहे. म्हणजे वहीत '४०० ग्रॅम टाकले' असं लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात २०० ग्रॅमचंच काम झालंय.

५० हजार लिटरच्या टाकीला २ मिलीग्रॅम प्रति लिटर डोस द्यायचा म्हणजे १०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. ३३ टक्क्यांची पावडर असेल तर ३०० ग्रॅम, २५ टक्क्यांची असेल तर ४०० ग्रॅम, २० टक्क्यांची असेल तर ५०० ग्रॅम. हे तीन आकडे पंप हाऊसच्या भिंतीवर रंगवून ठेवा. 'दोन वाट्या टाक' हा हिशेब बंद करा. वाटी दर नीरगंटीची (पाणी सोडणाऱ्या माणसाची) वेगळी असते.

मग तपासणीच चुकत नाही ना ते बघा

ओटीचा पिवळा रंग मोकळ्या (खर्च न होता उरलेल्या) क्लोरीनलाही येतो आणि अमोनियाशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनलाही येतो. मोकळ्याचा रंग पहिल्या काही सेकंदांत येतो, जोडलेल्याचा हळूहळू पाच मिनिटांत चढतो. थेंब टाकून बाटली खिडकीत ठेवली, पीडीओंचा (पंचायत विकास अधिकाऱ्यांचा) फोन घेतला आणि मग रंग पाहिला, तर आकडा फुगलेला दिसणारच. पाण्यात लोह किंवा नायट्राइट असेल तरीही ओटी पिवळी होते. जांभ्या दगडाच्या भागातल्या विहिरींना हे विशेष लागू. ओटीचं रसायन हाताळायलाही चांगलं नाही.

शक्य असेल तिथे डीपीडीच्या (क्लोरीनला गुलाबी रंग देणाऱ्या रसायनाच्या) गोळ्या वापरा. पहिली गोळी मोकळा क्लोरीन दाखवते. त्याच नळीत तिसरी गोळी टाकल्यावर रंग वाढला तर वाढलेला भाग जोडलेल्या क्लोरीनचा. डीपीडीचीही एक खोड आहे. क्लोरीन फारच जास्त असला तर गुलाबी रंग चमकून क्षणात उडतो आणि पाणी कोरं दिसतं. 'शून्य आलं' म्हणून आणखी पावडर ओतायच्या आधी नमुना आरओ पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा बघा.

लक्ष्य काय? भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार नळाला मोकळा क्लोरीन किमान ०.२ मिलीग्रॅम प्रति लिटर हवा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५. टाकीच्या तोंडाशी ०.८ ते १ ठेवून शेवटच्या नळाला ०.२ मिळाला तर व्यवस्था ठीक आहे.

पाण्याची भूक मोजा

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

विहिरीच्या, जॅकवेलच्या (नदी-तलावाचं पाणी उपसायच्या विहिरीच्या), बोअरच्या प्रत्येक पाण्याला क्लोरीनची एक भूक असते. ती भागल्याशिवाय मोकळा क्लोरीन उरत नाही. १ मिलीग्रॅम विरघळलेलं लोह साधारण ०.६४ मिलीग्रॅम क्लोरीन खातं. कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड १ मिलीग्रॅमला दोनपासून आठ मिलीग्रॅमपेक्षा थोड्या जास्तीपर्यंत. आणि सगळ्यात खादाड म्हणजे अमोनिया: त्यातल्या १ मिलीग्रॅम नायट्रोजनमागे ८ ते १० मिलीग्रॅम क्लोरीन. गटारीचं किंवा गोठ्याचं पाणी विहिरीत झिरपत असेल तर अमोनिया येतोच, आणि रोजचा २ मिलीग्रॅमचा डोस तिथे चिमूटभर ठरतो.

मोजायची पद्धत:

१. १० लिटर पाण्यात २५ टक्क्यांची पावडर ४०० ग्रॅम कालवून १ टक्क्याचं द्रावण करा, निवळी घ्या. त्यातली १०० मिली निवळी आरओ पाण्यात मिसळून एकूण १ लिटर करा. आता या पातळ द्रावणाच्या १ मिलीत १ मिलीग्रॅम क्लोरीन आहे.

२. सहा स्वच्छ प्लास्टिकच्या बाटल्यांत तुमच्या स्रोताचं, म्हणजे क्लोरीन टाकण्याआधीचं पाणी प्रत्येकी १ लिटर भरा. सिरिंजने अनुक्रमे १, २, ३, ४, ५, ६ मिली द्रावण टाका. झाकण लावा, हलवा, सावलीत अर्धा तास ठेवा.

३. प्रत्येकीचा मोकळा आणि एकूण (मोकळा अधिक जोडलेला) क्लोरीन मोजून वहीत लिहा.

ज्या बाटलीत पहिल्यांदा ०.५ मोकळा क्लोरीन उरला तो तुमचा आजचा डोस. समजा ती तिसरी बाटली निघाली. ३ टाकले, ०.५ उरले, म्हणजे पाण्याची भूक अडीच. हाच प्रयोग मे महिन्यात केला असेल तर भूक एकच्या आत दिसली असती. फरक पावसाने आणला.

आता आकड्यांची चाल बघा. एकूण क्लोरीन बाटलीगणिक चढला, मग मध्येच उतरला आणि पुन्हा चढायला लागला, तर पाण्यात अमोनिया आहे. त्या उताराच्या तळाला तोडबिंदू म्हणतात. तोडबिंदूच्या अलीकडे राहिलात तर नळाला वास खूप आणि जंतुनाश कमी, अशी सगळ्यात वाईट अवस्था होते. लोक म्हणतात 'औषध जास्त झालंय', प्रत्यक्षात ते कमी पडलेलं असतं. पण अशा पाण्यात डोस ८–१० पट नेत बसणं हा इलाज नव्हे. विहिरीभोवती पन्नास पावलांत काय आहे ते पाहा: शोषखड्डा, उकिरडा, फुटलेली गटार. आधी ते बंद करा.

खानापूर–कणकुंबी पट्ट्यात कारण वेगळं. तिथे ओढ्याचं पाणी पाचोळ्यातून येतं आणि जुलैत फिकट चहासारखं दिसतं. तो रंग कुजलेल्या पानांतल्या सेंद्रिय आम्लांचा. क्लोरीन त्यांच्याशी भिडला की ट्रायहॅलोमिथेन आणि हॅलोअॅसिटिक आम्लं तयार होतात, त्यात मुख्य क्लोरोफॉर्म. डोस जास्त, वेळ जास्त, पाणी कोमट, पीएच चढा, यांतलं काहीही वाढलं की ट्रायहॅलोमिथेन वाढतात. आयएस १०५०० मध्ये क्लोरोफॉर्मची मर्यादा ०.२ मिलीग्रॅम प्रति लिटर आहे, ब्रोमोडायक्लोरोमिथेनची ०.०६, डायब्रोमोक्लोरोमिथेन आणि ब्रोमोफॉर्मची प्रत्येकी ०.१. इथला इलाज क्लोरीन कमी करणं हा नाही. रंग आधी काढा. तुरटी लावून (किती ते पाण्याच्या चार-पाच भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून ठरवा), निवळून, वाळूच्या गाळणीतून काढून मग क्लोरीन टाका. बऱ्याच योजनांत जॅकवेललाच पावडर सोडायची सवय आहे. तिथून डोसची जागा गाळणीनंतर आणली तर पावडरही वाचते आणि उपपदार्थही घटतात.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण उपपदार्थांचं नाव ऐकून काही पंचायत सदस्य क्लोरीनच बंद करा म्हणतात. उपपदार्थांचा धोका वर्षानुवर्षं रोज प्यायल्याचा हिशेब आहे. जंतूंचा धोका उद्या सकाळचा आहे. पावसाळ्यात निर्जंतुकीकरण एक दिवसही थांबवायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

मिसळणं आणि वेळ

शिडीवरून कोरडी पावडर टाकीत झोकून देणं सोडा. चुन्याचा साका तळाशी बसतो, आउटलेटमधून पांढरं पाणी जातं, आणि एका कोपऱ्यात ५ तर दुसऱ्यात शून्य असा क्लोरीन राहतो. पावडर प्लास्टिकच्या बादलीतच कालवा, पाण्यात पावडर घाला, अर्धा-एक तास निवू द्या, फक्त निवळी वापरा. पत्र्याचं किंवा पितळेचं भांडं नको. हातमोजे, तोंडाला रुमाल, वाऱ्याकडे पाठ.

सगळ्यात चांगलं म्हणजे पाणी चढत असतानाच इनलेटवर थेंबथेंब सोडणं. हिशेब असा: मोटर तासाला १० हजार लिटर चढवते, डोस २ मिलीग्रॅम, म्हणजे तासाला २० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण तासाला २ लिटर, मिनिटाला सुमारे ३३ मिली. कॅनला छोटी प्लास्टिकची तोटी बसवा. औषधाचं १०० मिलीचं माप धारेखाली धरा. ते तीन मिनिटांत भरलं की तोटी बरोबर उघडली आहे. कॅनमधली पातळी उतरेल तशी धार मंदावते, म्हणून दर दोन तासांनी माप पुन्हा धरा. तोटीत चुना बसून धार अडली तर साध्या पाण्याने धुवा, प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा. व्हिनेगर किंवा अॅसिड ओतायचं नाही. क्लोरीनच्या द्रावणात आम्ल पडलं की विषारी वायू सुटतो.

टाकीत पाण्याला किमान अर्धा तास मिळायला हवा. पीएच ८ च्या पुढे असेल तर एक तास. कारण क्लोरीनचं जंतू मारणारं रूप पीएच ७ ला तीन चतुर्थांशाहून जास्त असतं, ७.५ ला निम्मं, ८ ला पाव हिश्श्याच्या आसपास, आणि ८.५ ला दहावा हिस्सा. आकडा तोच दिसतो, धार बोथट झालेली असते. गावच्या महालक्ष्मी यात्रेत टाकी दिवसातून चार वेळा भरून चार वेळा रिकामी होते, तेव्हा हा अर्धा तासच हरवतो. त्या दिवसांत भरताना डोस द्या आणि अर्धा तास चावी उघडू नका, मग पाहुणे कितीही आलेले असोत.

पाइपलाइनवरून चालत जा

टाकीच्या तोंडाशी आकडा बरोबर आणि शेवटी शून्य, तर चाचणीची नळी खिशात घालून लाइनवरून चाला. पाणी सुटल्यावर प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग नमुना घ्या. टाकीखाली १.०, मारुती मंदिराच्या चौकात ०.८, शाळेजवळ ०.७, पुढच्या चावीवर एकदम ०.१. असं दिसलं तर शाळा आणि त्या चावीच्या मध्ये बाहेरचं पाणी लाइनीत शिरतंय. कारण बहुतेक वेळा गटारीतून गेलेली फुटकी सर्व्हिस लाइन असते. नळ बंद झाल्यावर लाइन रिकामी होते, त्यात घराघरांतल्या मोटरी थेट लाइनीतून ओढतात, आणि भोकातून गटार आत येते. ही जागा सापडली की डोसची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी खोदा.

आकडा मात्र हळूहळू, प्रत्येक चौकात थोडाथोडा उतरत असेल तर भोक नाही. मग जुन्या लोखंडी पाइपचा गंज, आतला चिकट शेवाळी थर किंवा साचलेला गाळ क्लोरीन खातोय. शेवटच्या टोकाला वॉशआऊट चावी असेल तर आठवड्यातून एकदा स्वच्छ पाणी येईपर्यंत उघडा. नसेल तर बसवून घ्या. टाकी धुतल्यावर ५० मिलीग्रॅम प्रति लिटरचं पाणी २४ तास ठेवून सोडून द्यावं, म्हणजे ५० हजार लिटरला २५ टक्क्यांची पावडर १० किलो. हे पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. पडीक जमिनीत जिरवा.

टाकीचं झाकणही बघा. ऊन थेट पाण्यावर पडत असेल तर दुपारपर्यंत क्लोरीन उडालेला असतो.

खारट बोअर: इथे समुद्राचं गणित लागतं

अथणी–कागवाड बाजूच्या खारट बोअरवाल्यांची तक्रार वेगळी असते. पाणी काचेसारखं स्वच्छ, अमोनिया नाही, लोह नाही, तरी क्लोरीन टिकत नाही आणि वास औषधी. याचं कारण समजून घ्यायला घाटाखाली समुद्रावर काय होतं ते पाहायला हवं.

तारापूर, कल्पाक्कम इथल्या अणुवीज केंद्रांना थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी लागतं, आणि पाइपात शिंपले-कालवं धरू नयेत म्हणून अशा पाण्यात क्लोरीन सोडतात. कुठे सिलिंडरमधला वायू, कुठे हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइटचं) द्रावण, कुठे समुद्राच्याच पाण्यातून वीज सोडून जागेवर बनवलेलं हायपो. पद्धत कुठलीही असो, समुद्रात क्लोरीन क्लोरीन म्हणून राहतच नाही. तिथे लिटरमागे सुमारे ६५ मिलीग्रॅम ब्रोमाइड असतं. क्लोरीन काही सेकंदांत त्यातला ब्रोमीन मोकळा करतो, आणि पुढचं सगळं काम ब्रोमीन करतो. समुद्राच्या ८.१ च्या आसपासच्या पीएचला ब्रोमीनचं जंतुनाशक रूप तीन चतुर्थांश टिकून राहतं, म्हणून तिथे तो कामाला बरा. पण तो सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनपेक्षा वेगाने जुळतो, म्हणून लवकर संपतो. उपपदार्थही ब्रोमीनचे बनतात: मुख्यतः ब्रोमोफॉर्म, जोडीला डायब्रोमोक्लोरोमिथेन, ब्रोमोअॅसिटिक आम्लं, ब्रोमोफेनॉल. शिवाय उन्हात काही ब्रोमेटही. क्लोरीन डायऑक्साइड वापरला तर ब्रोमोफॉर्म फार कमी बनतो, पण त्याच्या पोटी क्लोराइट येतो.

आता बोअरकडे या. समुद्रात क्लोराइडच्या सुमारे २९०व्या हिश्श्याएवढं ब्रोमाइड असतं. जमिनीतल्या खारेपणात हे प्रमाण कमीजास्त असतं, पण अंदाजासाठी तेच धरलं तर ५०० मिलीग्रॅम क्लोराइडच्या बोअरला १.७ मिलीग्रॅम ब्रोमाइड. एवढं ब्रोमाइड दीड मिलीग्रॅम क्लोरीनला काही मिनिटांत ब्रोमीनमध्ये बदलायला पुरेसं आहे. ओटी आणि डीपीडी दोघांनाही क्लोरीन-ब्रोमीनचा भेद कळत नाही. टाकीखाली दिसलेला आकडा ब्रोमीनचा असतो, आणि तो शेवटच्या गल्लीपर्यंत पोचत नाही.

म्हणून खारट बोअरला डोस चढवत नेणं हा सगळ्यात वाईट मार्ग. तिथे हे करा: तालुक्याच्या प्रयोगशाळेतून क्लोराइड आणि जमलं तर ब्रोमाइड तपासून घ्या. गोड पाण्याचा दुसरा स्रोत असेल तर टाकीत मिसळून खारेपणा खाली आणा. टाकीतलं पाणी रात्रभर ठेवू नका. लांबच्या वस्तीसाठी एकदाच मोठा डोस देण्यापेक्षा मधल्या उंच टाकीवर दुसरा छोटा डोस द्या. एकदम २ देऊन लांब पाठवण्यापेक्षा १ आणि पुढे ०.५ असा दिला तर टोकाला आकडा टिकतो आणि ब्रोमोफॉर्मही कमी बनतो.

मिठापासून क्लोरीन बनवायचं यंत्र असेल तर

या यंत्रात समुद्रावरचीच पद्धत लहान आकारात असते. १०० लिटर पाण्यात ३ किलो मीठ, टायटॅनियमच्या पट्ट्यांतून वीज, आणि काही तासांत लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम क्लोरीनचं हायपो. ७ ग्रॅम धरले तर १०० लिटरमध्ये ७०० ग्रॅम, म्हणजे २ मिलीग्रॅमच्या डोसने साडेतीन लाख लिटर पाण्याला पुरेल एवढं. वीज साधारण साडेतीन युनिट.

हायपो कमकुवत येऊ लागलं की लोक मीठ वाढवतात. आधी पाणी कुठलं घेताय ते बघा. बोअरच्या कठीण पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम उणे पट्टीवर पांढरा थर धरतो, अँपिअरचा काटा उतरतो आणि हायपो पातळ होतं. आरओ प्लांटचं वाया जाणारं पाणी वापरायचा मोह तर कधीच नको. त्यात कठीणपणा आणि ब्रोमाइड दोन्ही दाटलेलं असतं. आरओचं चांगलं पाणी किंवा गाळलेलं पावसाचं पाणी घ्या.

थर काढताना सेल पूर्ण रिकामा करा, दोनदा साध्या पाण्याने धुवा, मग लिटरला १०० ग्रॅम लिंबूसत्व घातलेलं पाणी भरून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. पुन्हा दोनदा धुवा. पट्ट्या तारेच्या घासणीने घासू नका, वरचा लेप गेला की पट्टी गेलीच.

मीठही पाहून घ्या. आगराचं जाडं मीठ स्वस्त पडतं, पण त्यात समुद्राचं ब्रोमाइड राहिलेलं असतं, आणि सेलमध्ये त्यातला बराचसा भाग ब्रोमेट होतो. पिण्याच्या पाण्यात ब्रोमेटची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ०.०१ मिलीग्रॅम प्रति लिटर इतकी कडक आहे, आणि एकदा बनलेला ब्रोमेट उकळूनही जात नाही. शुद्ध केलेलं, आयोडीन न घातलेलं मीठ घ्या.

७०० ग्रॅम क्लोरीन बनताना सुमारे २४० लिटर हायड्रोजन वायू सुटतो. हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेतो. खोलीच्या छताजवळ दोन समोरासमोर झरोके हवेतच. आत विडी नाही, आणि स्विच बोर्डही बाहेर.

तयार हायपो दोन-तीन दिवसांत संपवा. बाजारातून १०–१२ टक्क्यांचे कॅन आणत असाल तर त्यांना उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. तापमान १० अंशांनी वाढलं की ते तीन-चारपट वेगाने खराब होतं, आणि खराब होताना त्यातून क्लोरेट बनतो. मग कमजोर झालं म्हणून जास्त ओतलं की क्लोरेटही जास्त जातो. आल्याआल्या तेवढंच पाणी घालून निम्म्यावर पातळ केलं तर खराब होण्याचा वेग सुमारे पाचपटीने कमी होतो. जागा जास्त लागेल, पण मे महिन्यात एवढं कराच.

नमुना पाठवताना

एवढं करून वास राहिला तर ट्रायहॅलोमिथेनचा नमुना पाठवा. हे वायुरूप होऊन उडणारे पदार्थ आहेत, त्यामुळे प्लास्टिकची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेकडून तपकिरी काचेची बाटली आणा. तिच्या तळाशी क्लोरीन मारणारं थोडं औषध असतं, ते धुऊन टाकू नका. नळ मंद सोडून काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा. बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पाठवा. दोन बाटल्या घ्या, एक टाकीखालची आणि एक शेवटच्या गल्लीतली, आणि चिठ्ठीवर वेळ, पाण्याचं तापमान, पीएच, मोकळा क्लोरीन आणि त्या दिवशी टाकलेली पावडर लिहा. दोन्ही बाटल्यांच्या आकड्यांत जो फरक येईल, तेवढा उपपदार्थ तुमच्या पाइपलाइनीत बनला. बाकीचा टाकीत आणि टाकीच्या आधी.